अकरा मिनिटांचं सोनं

मातोझिन्योशच्या चढावरच्या घरापासून
मासळीच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत
अकरा मिनिटं लागतात झुल्मिराला,
उतार आहे म्हणून. परतताना सतरा.
तेवढ्यासाठी ती रोज पहाटे पाचला
बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडते
आणि दिव्याखाली उभी राहते
गळ्याशी हात नेऊन.

फाटकाच्या आत सगळं उतरवायचं:
अंगठी, साखळी, घड्याळ, कानातलं.
नियम भिंतीवर लावलाय, चित्रासकट.
सार्डिनच्या डब्यात कुणाची फिरकी निघू नये म्हणून
आम्ही साठजणी
निळ्या कोटात, डोक्याला पांढरी जाळी,
रांगेनं उभ्या लंकेच्या पार्वती.
आठ तास अंगावर चमकतात
ते फक्त खवले.

मी विचारलं एकदा, अगं, मग घालतेस कशाला?
त्या अंधारात कोण बघतंय?
म्हणाली, पाववाला बघतो.
बंदरावरचा पहारेकरी बघतो, झोपेत नसला तर.
आणि समजा कुणीच नाही,
तर कोटाला कळतं.

कोटाला कळतं!
शास्त्रच आहे तिचं तसं.
मातकट कोट असेल तर गळा मोकळा ठेवायचा,
कानात मात्र मोठं काही, लोंबतं,
नाहीतर माणूस म्हणजे खुंटीवरचा कोटच.
राखाडी स्वेटरवर काळ्या मण्यांची माळ,
एकपदरी. दुपदरी घातलीस तर विधवा दिसशील.
पिवळा रेनकोट स्वतःच इतका बोलतो
की सोन्यानं गप्प बसावं.
आणि फुलाफुलांच्या ब्लाउजवर
जाळीकामाचं एवढं मोठं बदाम?
"फुलांवर फुलं थडग्यावर ठेवतात,"
एतेल्विनाच्या तोंडावर सांगितलं तिनं.
एतेल्विना आठवडाभर बोलली नाही,
पण सोमवारी साध्या पांढऱ्या ब्लाउजमध्ये आली.
कान टोचावेत ते असे.

मला दोन वर्षं लागली
एक साधी गोष्ट दिसायला.
तिच्या उजव्या कानात रोज तेच असतं:
आईचं, बारीक तारेचं, चंद्रकोरीसारखं,
एका टोकाला वाकलेलं.
डाव्यात रोज दुसरंच.
कधी मोती, कधी नुसती बाळी,
एकदा तर जत्रेतलं, निळ्या काचेचं.
मला वाटायचं, असेल काही नवी फॅशन.

आई गेली तेव्हा घरात मुली दोन
आणि सोन्याची जोडी एक.
विका आणि पैसे वाटून घ्या, मामा म्हणाला.
यांनी जोडीच वाटली.
लुसिंदा आपलं एक घेऊन फ्रान्सला गेली.
लियाँमध्ये कचेऱ्या पुसते,
खुर्च्यांवर माणसं येण्याआधी.

म्हणून तो पाचचा दिवा.
तिकडे सहा झालेले असतात.
फोन साखरेच्या बरणीला टेकवलेला.
"कोणता स्वेटर?"
"हिरवा. कोपरावर विरलेला."
"मग मोती नको. तांब्याची बाळी घाल."
"आणि तू?"
"काळा. मला काय, रोज काळाच."
"काळ्यावर काहीही खपतं. सुटलीस."
कधी भांडतात, कधी लुसिंदा नुसती जांभई देते,
आणि काचेच्या अलीकडचा उजवा कान,
पलीकडचा डावा
क्षणभर एकाच डोक्याचे वाटतात.

काल सुट्टी झाल्यावर
ती नळाखाली हात घासत होती,
लिंबानं, तीनदा.
मासळीच्या हातानं ती आईला शिवत नाही.
मी शेजारी उभी, मुठीत चांदीचे दोन ठिपके,
पहिल्या पगारातून घेतलेले, कधीच न घातलेले.
विचारलं, या कोटावर हे चालतील का?

ती दोन पावलं मागे सरकली.
डोळे बारीक केले.
वरून खाली, खालून वर बघितलं मला,
इतकं कुणी बघितलं नव्हतं बरेच दिवसांत.
मग म्हणाली,
"आधी ते तुटलेलं बटण शिव."